कहवा आणि कॅपुचिनो



'कॅपुचिनो' हा शब्द तुम्ही कधी वाचला आहे का? मी बी.एड. झालो त्या वर्षी मित्रांबरोबर एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. तेथील फलकावर हा शब्द होता. मी तो मोठ्याने वाचला, पण चुकीचा. वेटर हसला, मित्रही हसले. मी मुकाट्याने चहा मागवला.

ते हसू मनातून जाईना. दुसऱ्याच दिवशी मी ग्रंथालय गाठले.

कॅपुचिनो हे इटलीतील पेय आहे. प्रथम एस्प्रेसो करतात. सुमारे ७ ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफीतून यंत्राने गरम पाणी मोठ्या दाबाने सोडतात. २५ ते ३० सेकंदांत घोटभर दाट, कडू कॉफी कपात उतरते. अशा यंत्रासाठी मिलान शहरातील लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंट मागितले होते. मग दुधात वाफ सोडतात. दूध तापते, त्याला मऊ फेस येतो. ते उकळू मात्र देत नाहीत. उकळले की फेस बिघडतो. हे फेसाळ दूध कॉफीवर ओतले की झाला कॅपुचिनो! इटलीत लोक तो बहुधा सकाळी, काउंटरपाशी उभ्यानेच पितात.

त्याच्या नावाची कथा गमतीची आहे. कापुचिन पंथाचे ख्रिस्ती साधू तपकिरी झगा घालतात. दूध घातलेल्या कॉफीचा रंगही तसाच, म्हणून हे नाव पडले.

आणि कॉफी? इटालियन भाषेत तिला 'काफ्फे' म्हणतात. हा शब्द तुर्कीतून आला आणि तुर्कीत तो अरबीतून गेला. मूळ शब्द 'कहवा'! १५व्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या इबादतीसाठी जागे राहावे म्हणून कहवा पीत. १७व्या शतकात तो व्यापाऱ्यांबरोबर व्हेनिसला पोहोचला. ज्या कपाला मी बिचकलो, त्यात आपल्या उर्दूतलाच शब्द दडला होता!

पुढच्या खेपेस मी नीट नाव घेऊन कॅपुचिनो मागवला. कडू लागला, पण आवडला.

मित्रांनो, मीही उर्दू शाळेतच शिकलो. मराठी वाचताना माझा 'ळ' अडखळायचा, वर्ग हसायचा. तुमचेही तसे होत असेल. हसणाऱ्यांना हसू द्या, तुम्ही मात्र गप्प बसू नका. अवघड शब्दाचे मूळ शोधा. मराठीतले 'कागद' आणि 'बाजार' तुमच्या ओळखीचे आहेतच; आणखीही कितीतरी शब्द तसेच निघतील.