मान्यता नसलेली पदवी

जुन्या मराठी पुस्तकाचं पहिलं पान उघडावं, लेखिकेचं नाव वाचावं आणि त्या नावापुढे ‘जी. ए.’ अशी दोन अक्षरं दिसावीत. आजच्या वाचकाला तो छापखान्याचा घोळ वाटेल, बी. ए. जुळवताना खिळा चुकला असेल. पण ती खरोखरीची पदवी होती. जी. ए. म्हणजे गृहीतागमा आणि तिच्या पुढची पी. ए. म्हणजे प्रदेयागमा. पुण्याबाहेरच्या हिंगण्याला १९१६ साली जे महिला विद्यापीठ निघालं, त्याने या पदव्या दिल्या. त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. तोवर पस्तीस वर्षं बायका ही पदवी घेत राहिल्या.

ती अक्षरं दिसली की माझा हात पान उलटायचा थांबतो. सरकारी नोकरीत जिची दखल नाही, दुसरं विद्यापीठ जिला विचारत नाही, अशा पदवीसाठी वर्षानुवर्षं वर्गात बसणाऱ्या त्या बाईला काय हवं होतं? मला हिंगण्याच्या कॉलेजचा सगळा इतिहास या प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट आपण शाळेतच वाचलेली असते. फर्ग्युसनमधली गणिताची प्राध्यापकी, १८९३ साली गोदूबाईंशी म्हणजे बायांशी केलेला पुनर्विवाह, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, मग हिंगण्याच्या माळावरची ती झोपडी. गावाबाहेरची जागा, रस्ता असा नाहीच, आणि कॉलेज सुटलं की अण्णा चिखल तुडवत पायी तिकडे निघायचे. ती झोपडी अजून जपून ठेवली आहे. त्या हिंगण्याचं आता कर्वेनगर झालं आहे; तिथल्या गर्दीत ती मुद्दाम जाऊन पाहावी. एवढ्याशा जागेत बायका राहिल्या, शिकल्या आणि पुढे इतरांना शिकवू लागल्या, हे तिच्यासमोर उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

पुढे अण्णांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. टोकियोचं ते विद्यापीठ १९०१ साली निघालं होतं. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे होतं. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि पुढच्या जूनमध्ये विद्यापीठ उभंही राहिलं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. पदाधिकाऱ्यांची नावं ही अशी डोंगराएवढी, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्या वयात माणसं पेन्शनीचा हिशोब घालतात.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या परिषदेत अण्णांनी जी भूमिका मांडली, ती मला सगळीच्या सगळी पटत नाही. बहुसंख्य स्त्रिया गृहिणी आणि माता होणार, तेव्हा त्यांचा अभ्यासक्रम पुरुषांपेक्षा निराळा हवा, असं ते म्हणत होते. म्हणून गृहव्यवस्था आणि आरोग्यशास्त्र आलं, बालमानसशास्त्र आलं, आणि ज्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं त्यांच्याच विद्यापीठात गणित ऐच्छिक झालं. मुंबई विद्यापीठाचे दरवाजे मुलींना तेव्हा बंद नव्हते. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पदवीधर होऊन पाव शतकाहून जास्त काळ लोटला होता. मग मुलींसाठी हा वेगळा, सौम्य रस्ता कशाला, असं तेव्हाही अनेकांनी विचारलं. तो प्रश्न रास्तच होता.

पण त्या रास्त प्रश्नापुढे मला वर्गातल्या बायका दिसतात. मुंबई विद्यापीठाचं दार उघडं होतं ते मॅट्रिक झालेल्या मुलीला, इंग्रजीत पेपर लिहू शकणाऱ्या मुलीला, वडील पाठीशी असलेल्या मुलीला. हिंगण्याला येणारी बाई कितीदा तरी लग्न होऊन, कुंकू पुसून, विशी उलटल्यावर पाटीला हात लावणारी असायची. तिने इंग्रजी कधी शिकावं आणि त्या इंग्रजीतून तर्कशास्त्र कधी समजून घ्यावं? अण्णांनी शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं. इंग्रजी विषय राहिला, पण समाजशास्त्र, मानसशास्त्र मराठीतून. १९१६ साली! आज आपण उच्च शिक्षण मराठीतून देता येईल का यावर परिसंवाद भरवतो. त्या माळावर ते चालू होतं, हाताशी धड पाठ्यपुस्तक नसताना.

आणि शिकवायला होते कोण, तर वामन मल्हार जोशी. ‘रागिणी’ लिहून झालेली होती, ‘सुशीलेचा देव’ आणि ‘इंदू काळे व सरला भोळे’ अजून यायच्या होत्या. मराठी कादंबरीत बाई पहिल्यांदा बैठक मारून देव, नीती, लग्न यांवर वाद घालू लागली ती वामनरावांच्या पुस्तकांत. समीक्षक याचं श्रेय त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या व्यासंगाला देतात. मला वाटतं, त्यातलं निम्मं तरी हिंगण्याच्या वर्गाला द्यायला हवं. रोज समोर बसून शंका विचारणाऱ्या बायका असल्यावर लेखकाला सुशीला कल्पनेतून शोधावी लागत नाही.

या कॉलेजसाठी ज्यांनी स्वतःला झिजवलं त्यांत मला सगळ्यांत जवळच्या वाटतात पार्वतीबाई आठवले. बायांची ही धाकटी बहीण. कोकणातलं लहानपण, लिहिता-वाचता येत नाही, विशीत वैधव्य, पदरात मुलगा. शिकल्या त्या त्यानंतर. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. केशवपन केलेलं होतं, ते पुढे स्वतः विचार करून सोडलं. आणि १९१८ साली, पन्नाशीला टेकल्यावर, या बाई एकट्या अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी येत नव्हतं म्हणून ते शिकायला, आणि विद्यापीठासाठी मदत गोळा करायला. तिथे पोटापाण्यासाठी लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राबल्या. शाकाहारी, विधवा, ब्राह्मण घरातली बाई परक्या मुलखात परक्यांची उष्टी भांडी घासते आणि संध्याकाळी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हिंगण्याच्या मुलींबद्दल सांगते. १९२० साली त्या परत आल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे, कुठेही गहिवर न आणता. महिला विद्यापीठाच्या वर्गात त्या स्वतः कधी विद्यार्थिनी म्हणून बसल्या नाहीत.

त्याच सुमाराला पैशाचा प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटला. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, टोकियोचं महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि परतल्यावर आपल्या आईच्या नावाने पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. १९२० सालचे पंधरा लाख! त्याच्या व्याजाचे वर्षाला साडेबावन्न हजार. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठाला लागलं ते तेव्हापासून. गुजरातीचे वर्ग आले, पुढे १९३६ साली कचेरी मुंबईला गेली. आता ‘एसएनडीटी’ म्हटलं की मुंबईच्या मुलीला चर्चगेट किंवा जुहू आठवतं, पुण्याच्या मुलीला कर्वे रस्ता. नाथीबाई कोण, हे दोघींपैकी क्वचितच एखादीला ठाऊक असतं.

मुलींच्या उच्च शिक्षणाला, पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली त्या दिवसांत, ‘केसरी’ने किती कडाडून विरोध केला होता, ते प्रसिद्धच आहे. त्याच ‘केसरी’चे पुढचे संपादक तात्यासाहेब केळकर. त्यांची मुलगी कमलाबाई लहान वयात विधवा झाली आणि हिंगण्याच्या कॉलेजात दाखल झाली. मान्यता नसलेली जी. ए. घेऊन कमलाबाई देशपांडे पुढे युरोपात गेल्या आणि प्रागच्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आल्या. परत येऊन शिकवलं ते आपल्याच कॉलेजात. त्यांची ‘स्मरणसाखळी’ ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावी.

आणि बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्याही हिंगण्याच्याच जी. ए., पी. ए. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. शिकलेली मुलगी मिळवती होते, तिच्या पगारावर घर चालतं आणि तिच्या लग्नाचं, तिच्या मनाचं कुणाला काही वाटेनासं होतं, हे त्या पुस्तकाने पहिल्यांदा उघड बोलून दाखवलं. उत्तम गृहिणी घडवायला काढलेल्या विद्यापीठातून गृहस्थीच्या पायाखालचे दगड हलवणारी लेखिका निघाली. अण्णांना हे अभिप्रेत होतं का? माझ्या मते, एकदा बाईच्या हाती भाषा, समाजशास्त्र, मानसशास्त्र दिलं आणि प्रश्न विचारायला वेळ दिला, की अभ्यासक्रम आखणाऱ्याच्या हेतूला फारसा अर्थ उरत नाही. तिला जे हवं होतं ते तिने उचललं.

म्हणूनच त्या पदवीला मान्यता नव्हती याचं मला आता दुःख वाटत नाही. नोकरीचं आमिष नव्हतं, म्हणून शिकण्याचा हेतू शिकणं हाच राहिला. अर्थात ही किंमत त्या बायकांनी मोजली, मी नाही, आणि ती लहान नव्हती. शिकून बाहेर पडलेल्या बाईला शिक्षिकेची जागा मिळे ती बहुधा विद्यापीठाशी जोडलेल्या मुलींच्या शाळेतच. त्या शाळांनी गावोगावच्या किती पिढ्या वाचायला शिकवल्या, याचा हिशोब कुणी मांडलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

तुमच्या घरात एखाद्या पणजीचं, आजेसासूचं, आत्याआजीचं जी. ए. चं प्रमाणपत्र जुन्या ट्रंकेत असेल. वर्गाचा फोटो असेल, वहीत मराठीतून काढलेली मानसशास्त्राची टिपणं असतील. माळा आवरताना ते रद्दीत घालू नका. तिचं नाव, गाव आणि तिने कुठे शिकवलं हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून आजच कागदावर उतरवा, आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पाठवा.