वस्तीच्या गाडीचा नंबर

एसटीचा नंबर वाचून ती गाडी कुठे बांधली हे सांगणारी माणसं डहाणूत आहेत, आणि मी त्यांच्यातलीच एक. एमएच 14 च्या पुढे बीटी दिसलं की गाडी पुण्याजवळच्या दापोडी कार्यशाळेतली. एमएच 20 बीएल असेल तर चिकलठाण्याची. एमएच 40 म्हणजे नागपूरच्या हिंगण्याची. चासी टाटाची किंवा लेलँडची येते आणि तिच्यावर बॉडी चढते ती महामंडळाच्या या तीन कार्यशाळांत. हे मला कुणी शिकवलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली ती तलासरी तालुक्यात, घर डहाणूत, आणि मधला रस्ता वर्षानुवर्षं एसटीनं झाला. थांब्यावर उभं राहून आधी डोळ्यांना सवय लागली, मग कान तयार झाले. गाडी वळणाआड असतानाच टाटा येतेय की लेलँड, ते आवाजावरून समजायला लागलं.

माझ्यासारखे आणखी काही जण आहेत. एक चिकूचा टेम्पो चालवतो. एक माझाच जुना विद्यार्थी, आता नोकरीनिमित्त पालघरला असतो. एकजण बँकेत आहेत. आणि सगळ्यांत वडीलधारे म्हणजे एसटीत मेकॅनिक म्हणून हयात घालवलेले काका. अधूनमधून रविवारी पारनाक्याला समुद्रावर जमतो आणि गाड्यांबद्दल बोलतो. जव्हारमार्गे नाशिकला जाणारी सकाळची गाडी कोणत्या वर्षापर्यंत लेलँड होती यावर टेम्पोवाल्या दादांचा आणि काकांचा वाद अजून मिटलेला नाही.

बसच्या आठवणी म्हटलं की लिहिणारे सगळे मुंबईकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. मुंबईनं प्रयोगही तसेच केले. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. 1937 मध्ये दुमजली बस आली. 1962 मध्ये वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस आली आणि 1971 मध्ये ती बंदही झाली. 1967 मध्ये पुढे ओढणारं इंजिन आणि मागे जोडलेला दुमजली डबा अशी लांबलचक बस काढून पाहिली. यातलं बरंच आज आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात प्रतिकृतींच्या आणि फोटोंच्या रूपानं बघायला मिळतं. मुंबईची जुनी डिझेलवरची दुमजली बस 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची धावली तेव्हा तिला हार-फुगे घातले होते, ढोल होते, फोटो काढायला झुंबड होती. माझा विद्यार्थी अंधेरीला जाऊन ते बघून आला. परत आल्यावर तो म्हणाला, “बाई, आपल्याकडची गाडी जाते तेव्हा कुणाला कळतसुद्धा नाही.”

त्याचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, कारण आमच्या तालुक्यांची बसशी असलेली गाठच वेगळी आहे. नवी गाडी आधी मोठ्या शहरांच्या, लांब पल्ल्याच्या मार्गावर जाते. तिथे तिची उमेद सरली की ती ग्रामीण फेऱ्यांना येते. 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी गेली. निळ्या आणि चंदेरी रंगाची बेडफर्ड. 2022 मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. नव्याचा सोहळा दोन्ही वेळा तिकडे झाला. डहाणू-तलासरीनं गाडी ओळखली ती तिच्या उतारवयात, आणि उतारवयातली गाडीच इथल्या माणसाच्या खऱ्या कामाला आली.

एशियाडचंच बघा. 1982 च्या दिल्लीतल्या एशियाड स्पर्धेत वापरलेल्या गाड्या महामंडळानं घेतल्या आणि दादर-पुणे मार्गावर निमआराम म्हणून चालवल्या. हिरवा-पांढरा रंग, दोन बाय दोन आसनं, उंच पाठ. स्पर्धेचं नाव त्या गाडीला कायमचं चिकटलं. पुढे आलेल्या निमआराम गाड्यांनाही लोक एशियाडच म्हणत राहिले. आमच्याकडे जी हिरवी गाडी मला आठवते तिच्या आसनांचे खटके केव्हाच निकामी झाले होते. पाठ एकदा मागे गेली की मागेच. रेक्झिन फाटून आतला काथ्या दिसायचा. पण त्या आसनावर झाईकडची मावशी मासळीची पाटी पायाशी घेऊन अशी ऐसपैस बसायची की दादर-पुण्याच्या कुठल्या प्रवाशानं त्या आसनाचा तेवढा मान राखला असेल, असं मला वाटत नाही. वाहकानं पाटीला हरकत घेतली तर ती म्हणायची, “मास्तर, पाटीचं तिकीट फाडा हवं तर, पण मी खाली बसायची नाही.”

या सगळ्यांत माझ्या जीवाची गाडी म्हणजे वस्तीची गाडी. शहरातल्या माणसाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. संध्याकाळची शेवटची फेरी गावात जाते, तिथेच मुक्काम करते आणि पहाटेची पहिली फेरी होऊन परत येते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी उधव्याच्या बाजूला एका गावात खोली घेऊन राहत होते. शाळेच्या पटांगणाशेजारी आंब्याखाली ती गाडी उभी राहायची. वाहक आधी वेबिल पुरं करायचा. त्या वेळी तिकिटाचं यंत्र नव्हतं. पत्र्याच्या ट्रेमध्ये निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच. कंदिलाच्या उजेडात तो गठ्ठ्यांवरचे नंबर एकेक करून उतरवून घ्यायचा आणि चिल्लर रुमालावर ओतून मोजायचा. चालक टायरांवर हातोडीचा दांडा मारून आवाज ऐकत गाडीभोवती फेरी मारायचा. मग दोघं कुणाच्या तरी घरून आलेली भाकरी खाऊन गाडीतच आडवे व्हायचे, वाहक मागच्या लांब सीटवर आणि चालक पुढे बॉनेटशेजारी.

पाड्यात तेव्हा घड्याळं फार नव्हती. पहाटे चालक इंजिन सुरू करून तापू द्यायचा आणि त्या घरघरीवर अख्खा पाडा उठायचा. कुणी विटभट्टीवर जाणारं, कुणी वापीच्या कारखान्यात पाळीला, कुणी पोर छातीशी धरून तलासरीच्या दवाखान्यात. एकदा एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या. गावात दुसरं वाहन नव्हतं. चालक झोपेतून उठला आणि वेळापत्रकात नसलेली फेरी त्यानं काढली. मी तिच्याबरोबर गेले. गाडीत दिवा फक्त चालकाच्या डोक्यावरचा, खिडक्यांच्या काचा रस्ताभर खडखडत होत्या आणि ओढ्यावरच्या प्रत्येक फरशीला चालक गाडी इतकी हळू करायचा की चाक पाण्यात उतरल्याचं जाणवू नये. मुलगी झाली, सुखरूप झाली. पुढे ती माझ्याच वर्गात आली.

त्या गाडीचा नंबर मला पाठ आहे. ॲल्युमिनियमची बॉडी, रिवेटांच्या ओळी, तीन बाय दोन आसनं, ‘संकटकालीन मार्ग’ लिहिलेली खिडकी. जमिनीपासून उंच असल्यामुळे फरशीवरून पाणी वाहत असलं तरी जाणारी. रस्त्याच्या दृष्टीनं विचार केला तर इतकी योग्य गाडी नंतर आमच्याकडे आली नाही, हे माझं ठाम मत आहे. प्रयोग झाले. घाटातल्या आणि अरुंद रस्त्यांसाठी मिडी बस निघाली. कल्पना चांगली, पण बाजाराच्या दिवशी ती पुरी पडायची नाही. 2017 मध्ये वातानुकूलित शिवशाही आली. महामार्गासाठी ती ठीक. पाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर तिचं काम नाही.

एका प्रयोगाला मात्र मी पैकीच्या पैकी गुण देते. मानव विकास कार्यक्रमातली निळी गाडी. मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निघालेली, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत. ती यायच्या आधी सातवी झाली की मुलगी घरी बसायची, कारण पुढची शाळा लांब. निळी गाडी सुरू झाल्यावर आमच्या शाळेतून गेलेल्या मुली दहावीला बसायला लागल्या. त्यांतली एक आज परिचारिका आहे. बसच्या इतिहासात ट्रॉलीबसला पान मिळत असेल तर या निळ्या गाडीला दोन मिळायला हवीत.

गाडी नसली की काय होतं तेही आम्ही पाहिलं. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. शासनात विलीनीकरण करा ही त्यांची मागणी होती, आणि ज्या चालक-वाहकांना मी वर्षानुवर्षं ओळखत होते त्यांचे पगार मला माहीत होते, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलायला तोंड उघडलं नाही. पण करोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळेत मुलं दोन-दोन डोंगर चालत यायची. इको आणि जीपवाले मागतील ते भाडं द्यावं लागायचं. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते तेव्हा जादा गाड्यांनी चारोटी नाका भरून जातो; त्या वर्षी जत्रेला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांनी तो फरक नीट सांगितला असता. संपानंतर वस्तीची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा बायकांनी तिच्या पुढच्या काचेला हळदीकुंकू लावलं.

जुन्या गाड्या कुठे जातात हे मी काकांना विचारलं होतं. काका म्हणाले, “बाई, गाडी सगळी एकदम कधी जात नाही. आरसा एका गाडीत, सीट दुसरीत, एक्सल तिसरीत. उरलेला सांगाडा लिलावात.” त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. ॲल्युमिनियमच्या बॉडीऐवजी पोलादाची बॉडी बसवायचं धोरण आलं तेव्हा ज्या चासीत दम होता त्यांना कार्यशाळेत नेऊन वर नवी बॉडी चढवली गेली. त्यामुळे नंबर जुना, अंग नवं, अशा गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या. अपघातात पोलाद जास्त तग धरतं, म्हणून हा बदल मला पटतो. आमच्यापैकी प्रत्येकजण तेव्हापासून प्रत्येक नव्या दिसणाऱ्या गाडीचा नंबर बघतो.

एका पावसाळ्यात तलासरीच्या स्थानकात मला माझा नंबर दिसला. बॉडी गुळगुळीत, रिवेट नाहीत, आसनं नवी. मी चढले आणि चालकाच्या मागे बसले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लागली तेव्हा खालून तोच हुंकार आला. चालक तरुण होता. त्याला मी सांगितलं, “दादा, या गाडीत एक बाळ जन्माला येता येता राहिलंय.” त्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, “मग हळूच घेतो, बाई.”

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला. हवेसाठी आणि सुरक्षेसाठी तो योग्यच आहे. पण त्यामुळे ॲल्युमिनियमच्या जुन्या गाड्यांची अखेरची पिढी झपाट्यानं रस्त्यावरून उठतेय. बस फॉर अस फाउंडेशनच्या बसप्रेमींनी ‘वारी लालपरीची’ नावाचं प्रदर्शन एसटीच्या गाडीतच मांडलं होतं. असं काम आणखी व्हायला हवं, आणि ते फक्त मोठ्या शहरांपुरतं राहू नये. माझी महामंडळाकडे मागणी साधी आहे. मोडीत निघणाऱ्या गाड्यांपैकी एक, फक्त एक, तिच्या पाट्यांसह, ट्रे आणि पंचासह, पालघर जिल्ह्यात कुठेतरी शेडखाली उभी करा. डहाणू आगारात जागा निघाली तर उत्तमच. माझा विद्यार्थी आणि टेम्पोवाले दादा ती पुसायला रविवारी यायला तयार आहेत, आणि काकांनी इंजिन चालू ठेवायची हमी घेतली आहे.

तोवर वाचणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. घरात जुन्या एसटीचा फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाच्या मागे उभी राहिलेली का असेना, तर तो टाकू नका. पंच मारलेलं तिकीट असेल, ‘डहाणू’ रंगवलेली पत्र्याची पाटी माळ्यावर पडली असेल, तीही जपा. फोटोच्या मागे गाडीचा नंबर, मार्ग आणि वर्ष लिहून ठेवा. नंबर आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. वस्तीच्या गाडीनं ज्यांना दवाखान्यात, शाळेत किंवा सासरी नेलं, त्यांना तो बहुधा पाठ असतो.