निगडीतली निगडी

बाबांचे गुडघे सुजले आणि मला आमच्या गावाच्या नावाचा अर्थ कळला.

गोळ्या चालू होत्या, मलम चालू होतं. एका रात्री वैतागून बाबा म्हणाले, "निगडीचा पाला मिळाला असता तर शेकलं तरी असतं." मला वाटलं, निगडीत मिळणारा कसलातरी पाला असेल. "निगडीत कुठं मिळतो?" मी विचारलं. दुखण्यातही बाबांना हसू आलं. "अगं, झाडाचंच नाव निगडी. निरगुडी म्हणतात ना, तीच."

शब्दकोश काढून पाहिला. खरंच होतं. जन्मापासून हे नाव पत्त्यात लिहीत आले, बसच्या पाटीवर वाचत आले आणि ते एका झुडपाचंही नाव आहे याचा पत्ता नव्हता. मग बाकीची नावंही कानात वेगळी वाजू लागली. पिंपरी. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. चिंचवडात तर एक सोडून दोन झाडं, चिंच आणि वड. बसचा कंडक्टर दिवसभर झाडांची हजेरी घेत असतो आणि आम्ही सुट्टे पैसे शोधत असतो. पुढं 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि आखीव रस्त्यांच्या वसाहतींना पेठ क्रमांक मिळाले. आमचा पत्ता नीटनेटका झाला, पण आकड्याला काही पालवी फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मी निगडीत निगडी शोधायला निघाले.

भक्ती-शक्ती चौकातल्या उड्डाणपुलाखाली पहिली नजर गेली ती पिंपळावर. पावसाचं पाणी उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, सांध्याच्या फटीत, वीतभर रोप. वर ट्रक धडधडत होते आणि खाली ही तांबूस, चकचकीत पानं थरथरत होती. आपण अशा रोपाचे फोटो काढतो आणि आशेची खूण म्हणून सकाळी सकाळी एकमेकांना पाठवतो. मीही फोन काढला. पण पिंपळाच्या बाजूनं पाहिलं तर यात फारशी बहादुरी नाही. त्याची फळं बुलबुल, मैना, तांबट खातात, विष्ठेतून बी कुठंतरी पडतं आणि ओल सापडली की रुजतं. वड-पिंपळाच्या कुळाला कातळाची कपार किंवा दुसऱ्या झाडाची बेचकी मुळातच मानवते. आपण जिला भेग म्हणतो ती त्याच्या लेखी खोबण. सिमेंट आणि कातळ यांत तो फरक करत नाही.

शिवाय हे रोप वाढलं की मुळं जाडावणार आणि सांधा फाकणार. म्हणून पुलाची देखभाल करणारे लोक ते दिसलं की उपटतात, आणि बरोबरच करतात. त्या पुलाखालून रोज शाळेच्या रिक्षा जातात. मी फोन पर्समध्ये ठेवला.

पुढं मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले. पत्र्यांच्या कडेनं, राडारोड्याच्या ढिगांवर, पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत माजलं होतं. जिद्दीलाच मार्क द्यायचे तर पहिला नंबर याचा. माती नको, निगा नको. एकेक रोप हजारोंनी बिया सोडतं. भारतात ते पसरायला लागल्याची नोंद 1950 च्या दशकातली, आणि तीही आपल्या पुण्यातली. आज देशभर असं माळरान सापडायचं नाही जिथं ते पोचलं नाही. पण याचा फोटो कोणी कोणाला पाठवत नाही. अंगाला लागलं तर खाज सुटते, परागांनी दमा उसळतो आणि आसपास दुसरं काही रुजू नये अशी द्रव्यं ते मातीत सोडतं.

तिथं उभी राहून मी जरा विचारात पडले. नुसतं तगून राहणं हीच आशा असेल, तर मग हात जोडायला हवेत ते गाजर गवताला.

निगडी सापडली ती दुर्गा टेकडीच्या बाजूनं परतताना, एका नाल्याच्या काठावर. पुरुषभर उंचीची दोन झुडपं. पंजासारखी पाच बोटांची पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. वारा आला की सगळं झुडूप क्षणभर पिकल्यासारखं दिसे आणि पुन्हा हिरवं होई. टोकाशी जांभळट फुलांचे तुरे, त्यांवर मधमाश्या. खाली नाल्यात काळं पाणी, काठाला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. शेळ्या चरून गेल्या होत्या, पण हिला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. एक पान चुरगाळलं आणि कारण कळलं. असा उग्र, कडवट वास की बोटं दोनदा धुवावी लागली. पिशवीभर पाला घेतला आणि दोन काड्याही मोडून घेतल्या.

तव्यावर तेलाचा हात फिरवून पाला गरम केला आणि पुरचुंडी बांधली. वासानं सगळा फ्लॅट भरला आणि बाबा बोलते झाले. एरवी ते शिफ्टच्या वेळा सोडून जुनं काही सांगत नाहीत. माण तालुक्यात त्यांच्या शेताला निरगुडीचंच कुंपण होतं, कारण जनावर शिवत नाही. आजी ज्वारीच्या कणगीत हाच पाला घालायची, कीड लागू नये म्हणून. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यातही हाच. 1974 साली बाबा आकुर्डीच्या एका कंपनीत लागले, तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत. गाद्या तीनच. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा. "गादी गारच होत नव्हती कधी," बाबा म्हणाले. नवा कोणी गावाकडून आला की सातव्यालाही जागा व्हायची. कशी व्हायची, ते त्यांनाही आता सांगता येत नाही.

गुडघे पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. गोळ्या सुटल्या नाहीत. पण शेकल्यावर त्यांना झोप लागायची.

पाला संपल्यावर मी पुन्हा नाल्यावर गेले, तर काठ सपाट झाला होता. जेसीबीच्या दातांचे ओरखडे तेवढे ओल्या मातीत उमटले होते. घरी आणलेल्या दोन काड्यांपैकी एक कुजली. दुसरीला रंगाच्या रिकाम्या डब्यात पंधरा दिवसांनी राईएवढा हिरवा ठिपका आला. पावसाळ्यात तो डबा मी सोसायटीच्या फाटकापाशी नेऊन ठेवला. पाणी घालायला वॉचमनकाकांना सांगितलं होतं, आणि मी विसरायचे तेव्हाही ते विसरले नाहीत. वर्षभरात झुडूप कमरेएवढं झालं.

यंदा ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघाली. मुक्काम नेहमीप्रमाणे आकुर्डीला. सकाळपासून जुन्या महामार्गानं दिंड्या येत होत्या आणि आमच्या फाटकाशी चहाचं पातेलं लावलं होतं. परभणीकडच्या एक आजी चहा घ्यायला थांबल्या. कप हातात घेतला आणि नजर डब्याकडे गेली.

"निरगुडी हाय का ही? गुडघं लई धरल्यात. घिऊ का जरा?"

झुडूप अजून लहान होतं. माझा जीव क्षणभर खालीवर झाला. आजींनी ते ओळखलं असावं. पाच-सहा कोवळे शेंडे तेवढे त्यांनी नखानं खुडले, पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाल्या, "शेंडा खुडला की दोन फुटतेत, माय. भिऊ नगंस." मग टाळ सावरून त्या दिंडीत मिसळल्या. अजून पंढरपूर लांब होतं.

आषाढी एकादशीला सकाळी मी फाटकापाशी जाऊन पाहिलं. खुडलेल्या प्रत्येक जागी दोन-दोन फुटवे आले होते.