भरावावरचं गाव

उरायासुला राहतो असं सांगितलं की भारतातल्या नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे डिस्नेलँडजवळ का गं?" हो, जवळच. नावात टोकियो असलं तरी ते डिस्नेलँड टोकियोत नाहीच. ते चिबा प्रांतात, आमच्या उरायासु शहराच्या हद्दीत, १५ एप्रिल १९८३ पासून उभं आहे. पाहुणे येतात, दोन दिवस मिकी माउसला वाहतात, एक दिवस फुजीला, आणि आमचं गाव न बघताच विमानात बसतात. यंदा कुणी येणार असेल तर अर्धा दिवस माझ्यासाठी राखून ठेवा. मी गाव दाखवते.

सुरुवात तोझाई लाइनवरून करायची. निशीकासाईला आपली माणसं इतकी आहेत की तिथे कढीपत्ता मिळणं ही आता बातमी राहिलेली नाही. तिथून दुसरं स्टेशन उरायासु. मध्ये जुनी एदोगावा नदी ओलांडली की टोकियो संपतं. स्टेशनातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की साकाईगावा नावाची अरुंद नदी लागते आणि तिच्या काठाने जुनं कोळीगाव. मेइजी काळातली एक-दोन लाकडी घरं जपून ठेवली आहेत, आत मोफत जाता येतं. काडीला टोचून भाजलेल्या तिसऱ्या विकणारी दुकानंही आहेत. मालवणच्या माणसाला तो वास नाकात गेला की पुढचं गाव दाखवायची घाई राहत नाही.

उरायासु हे नाव १८८९ सालचं, तीन खेडी एकत्र करून ठेवलेलं. 'उरा' म्हणजे खाडीचा किनारा, 'यासु' म्हणजे शांत, सुखरूप. त्या तिन्हींतल्या नेकोझाने या खेड्याच्या नावाची एक व्युत्पत्ती मला फार आवडते. समुद्राच्या लाटांनी गाव वाहून गेल्यावर लोकांनी बांध घातला, त्यावर पाइनची झाडं लावली आणि लाटा या झाडांची मुळं ओलांडू नयेत असं मागणं मागितलं, ते मागणंच गावाचं नाव झालं म्हणतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस यामामोतो शुगोरो हा लेखक इथे राहून गेला आणि पुढे त्याने या गावावर 'आओबेका मोनोगातारी' हे पुस्तक लिहिलं. त्यातली माणसं आपल्या कोकणातल्या इरसाल नमुन्यांची सख्खी भावंडं शोभतील.

मग १९५८ साल आलं. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कागद कारखान्याने काळं पाणी सोडलं, मासे मेले, आणि जूनमध्ये चिडलेले कोळी कारखान्यात घुसले. त्याच वर्षी जपानने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे केले, पण मासेमारी काही वाचली नाही. १९७१पर्यंत कोळ्यांनी हक्क पूर्णपणे सोडून दिले होते, समुद्रात भराव पडत होता आणि गाव मूळच्या जवळजवळ चौपट झालं. मी राहते तो शिन-उरायासुचा भाग, ती रुंद रस्त्यांची, पाम झाडांची वस्ती, सगळी या भरावावर आहे. आमच्या सोसायटीच्या जागी माझ्या सासूबाईंच्या लग्नाच्या सुमारास चक्क समुद्र होता.

११ मार्च २०११ला जमिनीला ते आठवलं. भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पण भरावातली वाळू आणि पाणी एकमेकांपासून सुटून जमीन पातळ झाली. शहराचा सुमारे ८६ टक्के भाग. चिखल वर आला, घरं तिरकी झाली, गटारं तुटली. गंमत अशी की डिस्नेलँडच्या बागेखाली बांधतानाच वाळूचे खांब ठोकून जमीन घट्ट केली होती, तिथे फारसं काही झालं नाही, आणि तिथल्याच पार्किंगमध्ये मात्र चिखल झाला. ताकासु भागातल्या बागेत भूकंपरोधक पाण्याच्या टाकीचं मॅनहोल जमिनीतून वर उसळून आलं होतं. ते तसंच ठेवलं आहे. मी पाहुण्यांना तिथे नेतेच. पोरं त्याच्याभोवती पकडापकडी खेळतात.

त्या दिवसांबद्दल इथल्या जुन्या शेजारणी एक गोष्ट हमखास सांगतात. नळ-संडास बंद, पाण्याच्या रांगा. त्या रांगांत त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्याच इमारतीत अशी माणसं आहेत जी वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेली नाहीत. कुणाचा तिशीचा मुलगा, कुणाचा नोकरी सुटलेला नवरा. पाणी आणायला माणूस लागतो म्हणून ही घरं उघडी पडली.

आपली घरं अशी उघडी पडत नाहीत. आपल्याकडे गणपतीला सगळे भेटतात, आरती होते, पुरणपोळी होते, आणि "कसं काय?" "मजेत!" एवढ्यावर वर्ष निघतं. एका गणपतीनंतर भांडी आवरताना एक मुलगी (मुलगीच म्हणते, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान) हळूच म्हणाली, "ताई, ह्यांना रोज लागते हो आता." एवढंच. मग कढई घासत राहिली.

तपशील बदलून सांगते. नवरा आयटीत, हुशार, सज्जन. आधी ऑफिसच्या नोमिकाई, म्हणजे साहेबाबरोबर पिण्याचा कार्यक्रम, मग घरून काम सुरू झाल्यावर कोन्बिनीतले डबे. जपानमध्ये दारूचं दुकान शोधावं लागत नाही. दूध जिथे मिळतं तिथेच, अहोरात्र, फळांच्या चित्रांचे चुहायचे डबे मिळतात, आणि त्यातले काही नऊ टक्क्यांचे असतात. हिशोब करून बघा: पाचशे मिलीचा एक डबा म्हणजे ३६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाला पुरुषांसाठी ४० आणि बायकांसाठी २० ग्रॅमपासून पुढे आजारांचा धोका वाढतो असं म्हटलं आहे. हा रोज तीन डबे घेत होता. आणि ती डिपेंडंट व्हिसावर. परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण या देशात राहायचा हक्क नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. त्याची नोकरी गेली तर तिचं घर, मुलाची शाळा, सगळं एकदम. म्हणून ती ऑफिसला "ताप आहे" असे निरोप कळवत होती, आईला "मजेत" सांगत होती.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी जरा सविस्तर. जपानमध्ये होकेनजो नावाचं सरकारी आरोग्य केंद्र असतं. आपल्याला ते कोविडमध्ये माहीत झालं, पण मानसिक आजार आणि दारूविषयीचा सल्ला हेही त्याचं काम आहे. उरायासुकरांचं केंद्र शेजारच्या इचिकावात आहे. मुख्य गोष्ट अशी की पिणारा माणूस यायला तयार नसला तरी घरच्यांनी एकट्याने जाता येतं. आम्ही दोघी गेलो. समोरच्या बाईंनी नवऱ्याविषयी विचारण्याआधी विचारलं, "तुम्ही नीट झोपता का?" मी भाषांतर केलं आणि ही रडायला लागली. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

तिथून आम्हाला दानशुकाईचा पत्ता मिळाला. दानशु म्हणजे दारू तोडणं. मात्सुमुरा हारुशिगे या स्वतः त्यातून बाहेर आलेल्या माणसाने १९५८मध्ये शिकोकूतल्या कोचीला असा गट काढला आणि १९६३मध्ये देशभरच्या गटांचा संघ झाला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस इथे १९७५मध्ये आलं. दोन्हींतला फरक मोठा मजेशीर आहे. एएमध्ये नाव सांगायचं नाही, दानशुकाईत स्वतःच्या नावाने बोलायचं आणि बायकोला किंवा नवऱ्याला सोबत आणायचं. निनावी राहणं जपानी माणसाला सोयीचं असेल असं मला वाटायचं. पण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात हे धरूनच मात्सुमुरांनी मांडणी केली असावी.

एका कोमिनकानमध्ये, म्हणजे आपल्या समाजमंदिरासारख्या ठिकाणी, संध्याकाळची बैठक होती. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला हिरवा चहा, सत्तरीचे आजोबा, तिशीची नर्स, टाय लावलेले दोघं. एकेक जण उठून आपली हकिकत सांगतो. कुणी सल्ला देत नाही, मध्ये बोलत नाही, टाळ्या नाहीत. एक आजोबा मुलीच्या लग्नात काय केलं ते सांगत होते आणि शेजारी बसलेल्या आजी मान खाली घालून ऐकत होत्या. मग त्यांची पाळी आली तेव्हा त्याच लग्नाची गोष्ट त्यांनी त्यांच्या बाजूने सांगितली. दोन गोष्टी जुळत नव्हत्या. जुळल्या पाहिजेत असं तिथे कुणाचं म्हणणंही नव्हतं.

मला राहून राहून पुण्याची आठवण येत होती. ऐंशीच्या दशकात गर्दने पुण्यातली पोरं पोखरली तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत होती, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९८५मध्ये, कोंदो त्सुनेओ नावाच्या, स्वतः अंमली पदार्थांतून सुटलेल्या माणसाने टोकियोत 'दारुकू' हे व्यसनमुक्तांनी व्यसनींसाठी चालवलेलं घर काढलं. आज जपानभर अशी घरं आहेत. दोन्हीकडे बरे झालेलेच नव्यांना हात देतात. २०२२च्या जानेवारीत अवचट गेले, फेब्रुवारीत कोंदो. एकमेकांचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं का कुणास ठाऊक, पण भेटले असते तर ओरिगामीवरून गप्पा नक्की रंगल्या असत्या.

शब्दांचं तर विचारूच नका. स्किझोफ्रेनियाला जपानीत पूर्वी 'मन फाटल्याचा आजार' अशा अर्थाचा शब्द होता, आपल्या छिन्नमनस्कतेसारखाच. रुग्णांच्या घरच्यांच्या संघटनेने मागणी लावून धरली आणि २००२मध्ये तो अधिकृतपणे बदलून 'मेळ बिघडण्याचा आजार' अशा अर्थाचा शब्द आला. निदान रुग्णाला सांगणं त्याने डॉक्टरांनाही सोपं गेलं. आपल्याकडे पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या वर्तुळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. ही संस्था ज्यांनी उभी केली ते डॉ. जगन्नाथ वाणी आपल्यासारखेच परदेशस्थ, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक. पत्नीच्या आजाराविषयी ते उघडपणे बोलले आणि 'देवराई' हा २००४चा चित्रपटही त्यांच्याच पुढाकाराने निघाला. हे सगळं एका परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने केलं, हे आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत फारसं कुणी सांगत नाही. याउलट, इथे काही वर्षांपूर्वी नैराश्याला 'मनाची सर्दी' म्हणायची टूम निघाली होती. मला ती पटत नाही. सर्दी चार दिवसांत जाते.

उरायासुचं 'उरा' हे अक्षर होक्काइदोतल्या उराकावातही आहे, तेवढ्या नात्याने आम्ही गेल्या उन्हाळ्यात तिथे गेलो. समुद्राने खचवलेली रेल्वे २०२१मध्ये कायमची बंद झाली, आता बस. बाजूला शर्यतीच्या घोड्यांची कुरणं, किनाऱ्यावर गोट्यांच्या अंगणात वाळत घातलेली कोंबू. १९८४मध्ये इथल्या हॉस्पिटलमधून सुटलेल्या मनोरुग्णांनी एका जुन्या चर्चच्या इमारतीत 'बेथेल' नावाचं घर केलं आणि हीच कोंबू पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली. सोबतीला मुकाइयाची इकुयोशी हे हॉस्पिटलचे समाजसेवक होते. जपानमध्ये मनोरुग्णालयांत तीन लाखांहून अधिक खाटा आहेत, माणसं महिनोन्‌महिने आत राहतात, अशा देशात हे. पुढे त्यांनी स्वतःच्या आजाराचा स्वतःच अभ्यास करायची पद्धत काढली. फळ्यावर लिहून, मित्रांसमोर. आणि वर्षातून एकदा चांगल्यातल्या चांगल्या भासाला बक्षीस देतात! ऐकून आमच्या ह्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, आपल्याकडे अंगात आलेल्या बाईला निदान हळदीकुंकू तरी मिळतं, ऑफिसातल्या बाबूला भास झाला तर काय मिळतं?

आता परत इकडचं. तो मुलगा टोकियोत इंग्रजी एए बैठकीला जातो. एकदा घसरला, पुन्हा जाऊ लागला. ती दानशुकाईच्या बैठकीला बसते, पण म्हणते, "ताई, अर्धं कळत नाही. आणि माझं तर जपानीत बाहेरच येत नाही." इथेच घोडं अडतं. भांडणाची भाषा, शिव्यांची, आईची भाषा मराठी, ती जपानीत कशी सांगणार? मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे तो याचसाठी. भारतातल्या नातेवाइकांना १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, इथून ते सोयीचं नाही.

म्हणून शिन-उरायासुच्या एका सार्वजनिक सभागृहात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दोन तास एक खोली घ्यायला लागलो. व्याख्यान नाही, डॉक्टर नाहीत, मंडळाच्या पत्रकात नाव नाही. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं दोघा-तिघांनी मला विचारलं. मंडळाची बदनामी होईल म्हणे. त्यांच्या घरचं काही मला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही. खोलीच्या अर्जात उद्देशाचा रकाना असतो. पहिल्या वेळी खिडकीवरच्या काकांसमोर आम्ही दोघी बराच वेळ पेन धरून उभ्या होतो. शेवटी मी "चहापान" असं लिहिलं. माणसं किती, असं त्यांनी विचारलं, आम्ही चार सांगितली, त्यांनी सहा खुर्च्यांची खोली दिली. सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडून अजून दोन खुर्च्या मागून घ्याव्या लागल्या. येणाऱ्यांनी कप घरून आणावेत, चिवडा कुणीतरी आणतंच.