मोडका भाग पिशवीत घालून नाशिकला

नाशिकला आपण किती कामांनी जातो! द्राक्षे, कांदा, कोर्टकचेरी, दवाखाना, गोदावरीचे स्नान. आज मात्र वेगळ्याच कामासाठी चला. दारात वडिलांच्या वेळची जीप उभी आहे. चढणीला अजून ती कोणाला हार जात नाही. पण तिचा एक भाग मोडला, आणि तो भाग आता कारखान्यात होत नाही. शेजारी म्हणतात, "द्या भंगारात." देण्याआधी नाशिकची एक फेरी करून पाहा.

निघण्यापूर्वी मोडका भाग रॉकेलने धुऊन फडक्यात गुंडाळा आणि पिशवीत घाला. तुकडे झाले असले तरी सगळे घ्या. तोंडी वर्णनाने दुकानदाराला काही कळत नाही. तुकडा पाहिला की कळते.

महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे डिझेलच्या काही जीपांत ट्रॅक्टरच्या घराण्यातले 'इंटरनॅशनल'चे इंजिन आले, तर काहींत प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचे. म्हणून आपली जीप कोणत्या इंजिनाची, हे आधी पक्के करा. पहिल्या जातीचे असेल, तर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातही चौकशी करता येते. दुसऱ्या जातीचे असेल, तर इंजिनाचे आटे मिलिमीटरचे आणि खालच्या जुन्या सांगाड्याचे इंचाचे, असा प्रकार एकाच गाडीत सापडतो. नटबोल्ट घेताना इथेच फसगत होते.

नाशिकला सातपूरला महिंद्रचा मोठा कारखाना आहे; २००२ साली आलेली स्कॉर्पिओ तिथलीच. पण कारखाना गावात आहे म्हणून जुना भाग तिथे मिळेल, असे नाही. आपल्याला उतरायचे आहे द्वारकेला. मुंबई-आग्रा रस्त्याने गॅरेजे आणि सुट्या भागांची दुकाने पाहत चला. दुकानात गाडीचे नाव नंतर सांगा, आधी भागावरचा नंबर दाखवा. गोळ्यांच्या बेअरिंगवर ६२०५ असेल, तर शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा: आतले भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. ह्या नंबरचे बेअरिंग पाण्याच्या मोटरीतही बसते, त्यामुळे जीप जुनी झाली तरी ते मिळते. टेपर बेअरिंगला मात्र हा हिशेब लावू नका. त्याचा नंबर जसाच्या तसा उतरवून द्या. ऑइल सीलवर बहुधा तीन आकडे असतात: दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी.

दुकानात नाही मिळाले, तर जुन्या मालाकडे वळा. अंबड-सातपूर लिंक रोडला भंगाराचा मोठा बाजार होता. महापालिकेने तो २०१७ साली आणि पुन्हा २०२५ साली हटवला. आता जुना माल कोणाकडे आहे, हे ओळखीच्या मिस्त्रीलाच विचारा. माल घेताना पावती मागा. पावती न देणाऱ्याचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचा निघाला तर निस्तरायचे आपल्यालाच.

तिसरे दार लेथवाल्याचे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान लहान कारखाने आहेत. बुश, पिन, स्पेसर असे भाग कसबी टर्नर नमुना पाहून करून देतो. त्याला मोडक्या भागाबरोबर तो ज्यात बसतो तो भागही दाखवा, कारण झिजलेल्या तुकड्याचे माप म्हणजे मूळ माप नव्हे. गिअरचे दात मात्र साध्या लेथवर होत नाहीत. त्याला दात पाडण्याचे वेगळे यंत्र लागते आणि नंतर पोलादाला पाणी द्यावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ब्रेक आणि स्टिअरिंग ह्यांच्या भागांत जुगाड नको. तिथे भंगारातला किंवा वेल्डिंगने जोडलेला भाग लावू नका. ब्रेकच्या टाकीत इंजिनचे ऑइल तर चुकूनही ओतू नका. रबरी वॉशर फुगतात आणि ऐन उतारावर ब्रेक दगा देतो. जीपमध्ये मागे पोरेबाळे बसतात, हे ध्यानात असू द्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि पुढे दर ५ वर्षांनी. त्यासाठी पेठ रोडच्या आर.टी.ओ. कार्यालयात गाडी तपासणीला न्याल तेव्हा ब्रेक पाहिले जातीलच. पण आपण ते त्याआधी घरच्यांसाठी नीट करावेत.

ह्या तिन्ही दारांतून ब्रेक-स्टिअरिंगचा योग्य भाग मिळालाच नाही, तर मन घट्ट करा आणि जीप उभी ठेवा. वडिलांची आठवण दारात उभी राहिली तरी जपली जाते. बाकीचा कोणताही भाग असेल, तर एका फेरीत हार मानू नका. आणि नवा भाग बसला म्हणून जुना फेकू नका. त्यावर तारीख लिहून तो कोठीत टांगून ठेवा. पुढच्या वेळी मुलगा नाशिकला जाईल, तेव्हा त्याच्या पिशवीत तोच नमुना असेल.