चुकलेला ठोका

वर्गात कविता वाचताना एखाद्या विद्यार्थ्याने मात्रा गिळली की माझा जीव वरखाली होतो. तो विद्यार्थी माझ्याच वर्गातला असायला हवा असे नाही. शेजारच्या वर्गातून भिंतीपलीकडून ऐकू आले तरी मी खडू हातात धरून क्षणभर थबकतो. वीस वर्षे वृत्ते शिकवून माझ्या कानाला ही खोड लागली आहे. काहीही तालात चाललेले असले की तो आपोआप मोजू लागतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा, पत्र्यावरची पागोळी, आमच्या सौभाग्यवतींचे पोळपाटावरचे लाटणे. सारे तो मोजतो. कवितेबाहेर या कानाचा कधी उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. तो झाला, आणि झाला तोही एका मोटारीच्या बाबतीत. शिवाय कानाने बरोबर ऐकले तरी मन त्याचा अर्थ किती चुकीचा लावू शकते, तेही त्याच मोटारीने मला दाखवले.

ही मोटार २०१८ साली आमच्या दारात आली. वापरलेली होती. तिचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा काही दोष नव्हता. अंगाने लहान, पण पायाने विलक्षण चपळ अशी तिची जात. एवढ्याशा देहात सोळाशे सी.सी.चे इंजिन. विकणारा म्हणाला, "सर, ही गाडी नाही, घोडं आहे." तेव्हा पंधरा वर्षांचे असलेले आमचे चिरंजीव त्या घोड्याभोवती अशा नजरेने फिरत होते, की सौदा मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

पण घोड्याची वैरण मास्तराच्या पगारातून येणार! दोन महिन्यांतच पेट्रोलच्या बिलांनी मी हबकलो आणि २०१९ साली गाडीला गॅसवर चालण्याचा संच बसवून घेतला. चिरंजीवांचे तोंड आठवडाभर उतरले होते. मी मात्र खूष होतो. एका डायरीत मी दर महिन्याला किती किलोमीटर झाले आणि पेट्रोलच्या मानाने किती पैसे वाचले याचा हिशेब लिहू लागलो. काटकसर करण्यात जेवढे सुख आहे, त्याहून जास्त ती लिहून ठेवण्यात आहे.

पुढे चिरंजीव इंजिनियरिंग कॉलेजात गेले आणि गणितात एकदा सोडून दोनदा नापास झाले. याच काळात त्यांना मोटार 'ट्यून' करण्याचे वेड लागले. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून २०२५च्या जानेवारीत त्यांनी गॅसचा संच काढून टाकला, हवेची नवी जाळी बसवली, नवे प्लग घातले, आणि इंजिनावर हुकूम चालवणाऱ्या छोट्या संगणकातले कोष्टक बदलले. कोणत्या वेगाला किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी किती लवकर पाडायची, हे त्या कोष्टकात लिहिलेले असते म्हणे. ज्याला कॉलेजातले गणित सुटत नाही त्याने मोटारीचे गणित सोडवायला घ्यावे, याचा मला मनस्वी राग आला. पण पैसे त्यांचे होते.

मे महिन्यात आम्ही तिघे पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाचा चढ लागला आणि माझ्या कानाने मान वर केली. इंजिनाच्या त्या सलग गुणगुणण्यात काहीतरी गळत होते. चार ठोक्यांत एक ठोका लंगडा! वर थांबलो तर उभी गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकत होता.

"मिसफायर," चिरंजीव हळूच म्हणाले.

"होणारच!" मी म्हणालो. "चांगल्या चालत्या गाडीत नको तिथे हात घातलास. अभ्यासात घालायचं डोकं इथं घातलंस, आणि आता इथंही..."

"अहो, गडावर आलोय ना आपण," सौभाग्यवती म्हणाल्या. त्या एका वाक्याने मी थांबलो, पण निकाल लागून गेला होता.

चिरंजीव एवढेच म्हणाले, "बघू या, बाबा."

पुढचा सबंध आठवडा हे 'बघणे' आमच्या अंगणात चालले होते. सुटी असल्यामुळे मीही खुर्ची टाकून बसत असे. म्हणायला उत्तरपत्रिका तपासत, पण खरे म्हणजे आरोपी स्वतःच्या तोंडाने गुन्हा कधी कबूल करतो त्याची वाट पाहत.

तिथे बसून मला जे समजले ते सांगतो. आमच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत, आणि ते पेटतात एक, तीन, चार, दोन या क्रमाने. क्रम ठरलेला, वृत्तातल्या गणांसारखा. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून सेकंदाला शंभर ठोके. प्रत्येक ठोका पडायला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, वेळेवर ठिणगी, आणि ते मिश्रण घट्ट दाबले जाणे. तिन्हींपैकी एक जरी उणी पडली तरी ठोका चुकतो. आणि तो चुकला हे संगणकाला कसे कळते? इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर एक दातेरी चाक फिरत असते. दात किती वेळाने समोरून गेला हे संगणक मोजत राहतो. ज्या सिलिंडरने धक्का दिला नाही त्याच्या पाळीला चाक किंचित रेंगाळते. हे ऐकून मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. तोही बिचारा माझ्यासारखाच मात्रा मोजत बसलेला!

चिरंजीवांनी गाडीला वाचनयंत्र जोडले. उत्तर आले : पी ०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा. तिसरा सिलिंडर ठोका चुकवत होता.

"मग तिसऱ्याची कॉइल बदलून टाक," मी म्हणालो. "नाहीतर चारही नव्या घाल, म्हणजे कटकट मिटली."

"मग कुठली वाईट होती ते कळणार कसं?" चिरंजीव म्हणाले.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती मला अनपेक्षित होती. संगणकातले आपले नवे कोष्टक त्यांनी पुसले आणि कारखान्यातून आलेले मूळचे पुन्हा भरले. हवेची जुनी जाळी परत बसवली, जुने प्लग घातले. महिन्यांची मेहनत एका दुपारी उतरवली. मी विचारले, "हे कशाला?"

"आधी माझ्यावरच संशय घ्यायला पाहिजे ना," ते म्हणाले. "शेवटचा हात माझा लागलाय."

गाडी तापू दिली. ठोका चुकलाच. वाचनयंत्र पुन्हा म्हणाले, पी ०३०३. म्हणजे आरोपी सुटला होता. पण मी उत्तरपत्रिकेतून मान वर केली नाही.

मग अदलाबदल सुरू झाली. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल असते. बॅटरीच्या बारा व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. ठोका चुकण्याचे दुखणे कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेले तर दोष कॉइलचा. तिसऱ्यालाच राहिले तर कॉइल निर्दोष. ते तिसऱ्यालाच राहिले. मग प्लगची अदलाबदल. तिसऱ्याचा प्लग काळसर आणि पेट्रोलने ओला निघाला, म्हणजे पेट्रोल येत होते पण जळत नव्हते. तोच प्लग पुसून दुसऱ्यात घातला तर तिथे तो मजेत जळू लागला. मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांची पाळी. दुखणे जागचे हलेना. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत तारखेसह. ती वही मी नंतर उघडून पाहिली. अक्षर सुरेख होते. माझ्या ओळखीचे नव्हते.

"बाबा, भाग सगळे चांगले आहेत," चौथ्या दिवशी चिरंजीव म्हणाले. "जागाच वाईट आहे."

आता दाब मोजायचा राहिला होता. तीन सिलिंडर बारा किलोच्या आसपास दाब दाखवत होते. तिसरा साडेसातवर अडला. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फटी बुजून दाब चढला असता. तो जेमतेम आठ झाला. मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली. "आता तुमचा कान द्या," चिरंजीव म्हणाले, "सायलेन्सरशी." मी गुडघे टेकून वाकलो. आतून बारीक, सलग फुसफुस येत होती. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी वरचे झाकण उघडून फटीत मोजपट्ट्या सारून पाहिल्या. जिथे तीस शतांश मिलिमीटरची फट हवी होती, तिथे दहा शतांशाची पट्टीही शिरेना. मिस्त्रींनी हात पुसत माझ्याकडे पाहिले.

"सर, गॅसवर किती पळवली हो गाडी?"

"बेचाळीस हजार किलोमीटर," मी ताबडतोब म्हणालो. डायरी पाठ होती.

"आणि टॅपेट कितींदा तपासून घेतलं?"

मी गप्प. संच बसवताना मला बजावले होते, की ठराविक अंतराने ही फट तपासत चला. दोनदा मी खर्च विचारला आणि दोन्ही वेळा पुढच्या खेपेवर ढकलले. त्या न केलेल्या खर्चाचे पैसेही मी डायरीत बचतीच्या रकान्यात मांडले होते.

"गॅस कोरडा असतोय बघा," मिस्त्री सांगू लागले. "व्हॉल्व्ह बसतोय ती बैठक झिजत जाती. व्हॉल्व्ह आत आत रुततोय, आणि वरची फट संपती. मग गरम झाला की त्यो पुरता मिटतच न्हाई. गॅसचा दोष न्हवं, त्येचा स्वभाव हाय. त्यो समजून घ्यायला लागतोय."

मला आठवले : गॅसवर चालतानाही शेवटी शेवटी गाडीत किंचित थरथर जाणवत असे. मी ती गॅसच्या खाती जमा करून मोकळा होत असे. दुखणे आत मुरत होते, आणि ते उघडे पडले नेमके मुलाने हात लावल्यावर.

मी मुलाकडे पाहिले. तो झाकणाचे बोल्ट उतरवल्या क्रमाने एका पुठ्ठ्यात खोचत होता. "बघा, मी म्हणत नव्हतो?" एवढे चार शब्द उच्चारायचा त्याला पुरा अधिकार होता. तो ते बोलला असता तर मला बरे वाटले असते. मला उलट काहीतरी बोलता आले असते. तो काहीच बोलला नाही.

त्या रात्री मी त्याची वही पुन्हा उघडली. मागच्या पानांवर फेऱ्यांची, अंशांची, दाबाची आकडेमोड होती. पानेच्या पाने. गणितात दोनदा नापास झालेल्या मुलाच्या हातची, आणि मिस्त्रींनी दुपारी तिच्यावर मान डोलावलेली. म्हणजे भाग तोच. एका जागी ठोका चुकवत होता आणि दुसऱ्या जागी मजेत जळत होता. मुलाने कॉइलच्या बाबतीत जी चौकशी केली, ती मी मुलाच्या बाबतीत एकदाही केली नव्हती. तीन वर्षे मी फक्त भागाला दोष देत होतो. तो संगणकाच्या शाखेत आहे. ती शाखा कोणी निवडली, आणि 'त्यात पुढे पैसा आहे' असा हिशेब कोणी मांडला, हे वाचकांना आता सांगायला नको.

सकाळी चहाच्या वेळी मी विचारले, "गणितात नेमकं कुठं अडतं रे तुझं?"

त्याने कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न आहे की उत्तरापूर्वीच लागलेला निकाल, याचा तो अंदाज घेत असावा. मग तो सांगू लागला. पहिल्या वर्षातले एक प्रकरण समजले नव्हते, विचारायची लाज वाटली होती, आणि पुढचे सारे त्यावरच उभे होते. मी मध्ये बोललो नाही. वीस वर्षे बोलण्याचाच पगार घेतलेल्या माणसाला हे सोपे नसते.

मिस्त्रींनी नव्या बैठका बसवल्या, व्हॉल्व्ह घासून घेतले, फटी मोजून मिळवल्या. पाचव्या दिवशी गाडी घरी आली. मी डायरीत बचतीची बेरीज केली आणि तिच्याखाली उद्यमनगरचे बिल वजा केले. काय उरले ते लिहीत नाही. आमच्या घरात ते एकालाच ठाऊक आहे, आणि त्यालाही वाच्यता करू नये असे वाटते.

मुलाची परीक्षा अजून व्हायची आहे. शाखेचे काय करायचे यावर आमचे बोलणे चालू आहे. कधी जमते, कधी मी जुन्या सवयीने मध्येच निकाल लावतो. त्याने आपले कोष्टक संगणकात परत भरले आहे. गेल्या रविवारी पुन्हा पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाचा चढ आला. मी नकळत खिडकीची काच खाली केली आणि कान दिला. एक, तीन, चार, दोन. एक, तीन, चार, दोन.

"काय ऐकताय?" त्याने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "तू चालव."