झाकल्या मुठीचा हिशेब

शिकावं, याबद्दल वाद नाही. बायकांच्या आयुष्यात इतकं काही घडतं, आणि इतक्या तऱ्हांनी घडतं, की धंदेवाल्यांनी त्यातून चार गोष्टी शिकाव्यात हे कुणालाही पटावं. मलाही पटतं. पण पटल्यावर जरा स्वस्थ वाटायला हवं, ते वाटत नाही. उलट 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण डोक्यात येऊन बसते आणि हलायचं नाव घेत नाही. तिचा इथे संबंध काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

म्हण तशी लबाड आहे. मूठ रिकामी असणार हे तिने गृहीतच धरलेलं आहे. उघडली की फजिती, म्हणून झाकलेली बरी. पण सव्वा लाखच का? नुसता लाख का नाही? देवापुढे आपण सव्वा रुपया ठेवतो, तसा शुभाचा पाव वर टाकला असेल. मला मात्र त्या पावात एक मुरलेला दुकानदार दिसतो. कुणी 'लाख' म्हटलं की थाप वाटते. 'सव्वा लाख' म्हटलं की वाटतं, या माणसाने मोजलेत. चपलांच्या दुकानात ९९९ ची चिठ्ठी लावतात तीही याच जातीची. म्हणजे ज्याने ही म्हण पहिल्यांदा वापरली त्याच्या मुठीत दमडी नव्हती, पण गिऱ्हाइकाचं मन त्याला पाठ होतं. मूठ पुरुषाची असावी, असं मला उगाचच वाटतं. चारचौघांत पत राखण्याची चिंता त्यालाच जास्त.

कारण बायकांच्या झाकल्या मुठी मी पाहिल्या आहेत, आणि त्या रिकाम्या नव्हत्या.

आमच्या मामीची मूठ तुरीच्या डाळीच्या डब्यात होती. तळाशी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात नोटा. भाजीतून वाचलेले, माहेरच्या ओटीतले, पिको-फॉलचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि तो रुमाल जेवणाच्या टेबलावर आला. नोटांच्या घड्यांत डाळीची पिवळी भुकटी बसली होती. मामा नोट उलगडायचे, झटकायचे, बोटाला थुंकी लावून मोजायचे. मोजून झाल्यावर म्हणाले, "एवढे?"

मामी म्हणाली, "अहो, एवढे होते म्हणून तुमच्या दुखण्यात कुणाच्या दारात जावं लागलं नाही."

मामा भला माणूस. चिडले नाहीत, उलट चार नातेवाइकांना कौतुकाने सांगत सुटले. मामीच्याच खात्यात पैसे भरले, एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. फक्त पुढे घरखर्चाचे पैसे देताना त्यांच्या तोंडी एक वाक्य आलं, "तुझ्याकडे असतील ना थोडे?" त्यात वाईट काहीच नव्हतं. मामीही कधी कुरकुरली नाही. पण आकडा तोच राहून त्या पैशांची किंमत उतरली, हे तिच्या चेहऱ्यावर कळायचं. पूर्वी ते तिचे होते, आता ते घरात शिल्लक असलेले पैसे होते. म्हण खरी ठरली, पण तिला अपेक्षित नव्हतं त्या बाजूने. मूठ भरलेली होती, तरी उघडल्यावर नुकसान झालंच.

आता धंद्याने मामीकडून काय शिकायचं? बचत शिका म्हणणं सोपं आहे. ती जे करत होती त्यात बचत निम्मीच होती, उरलेलं निम्मं लपवणं होतं.

हे एका बँकेने ओळखलं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक, चेतना गाला-सिन्हा यांनी उभी केलेली. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या बायकांची बँक कशी चालणार, म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. बायका मुंबईला जाऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावं, असं त्यांनी सुनावलं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पुढे पासबुक घरी नको, नवऱ्याच्या हाती लागेल, ही अडचण निघाली. कार्ड आलं तेव्हा बायका म्हणाल्या, पिन कुणीही काढून घेईल, अंगठा ठेवा, तो कुणी चोरू शकत नाही. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता तोच कुलूप झाला. हा किस्सा मला फार आवडतो, आणि फार आवडतो म्हणूनच त्याच्यावर थांबायची भीती वाटते. तो ऐकला की धंदे शिकतात, भलं होतं, संपलं, असं वाटायला लागतं.

तेवढ्यात भिशी आठवते. आमच्या गल्लीतल्या भिशीत चिठ्ठी निघायची, बटाटेवडे व्हायचे, आणि कधीतरी एखादी हळूच म्हणायची, "या वेळचा नंबर तिला देऊया." का, ते कुणी विचारायचं नाही. तिच्या घरी काहीतरी असणार, एवढं सगळ्यांना कळलेलं असायचं. कागद नाही, सही नाही, तरी हप्ता बुडत नसे. हा विश्वास होता असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण जिने हप्ता चुकवला असता तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं असतं का? नसतं बहुतेक. मग तो विश्वास होता की धाक? एकाच पातेल्यात दोन्ही शिजत होतं, आणि आम्हाला चव एकच लागत होती.

धंद्याने हे पातेलंही पाहिलं. बायकांचा गट करा, एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन राहतील, तारण मागायची गरज नाही. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आणि २००६ मध्ये मुहम्मद युनूस आणि त्या बँकेला शांततेचं नोबेल मिळालं. नफ्यासाठी कर्ज देणाऱ्या कंपन्याही त्याच वाटेने आल्या. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा जाच आणि कर्जदारांच्या आत्महत्या यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा सरकारला ऑक्टोबरात अध्यादेश काढावा लागला. त्या कंपन्या बायकांच्या अनुभवातून शिकल्या नव्हत्या असं म्हणता येत नाही. चांगल्याच शिकल्या होत्या. चार जणींसमोर खाली मान घालावी लागू नये म्हणून बाई उपाशी राहील पण हप्ता भरेल, हे त्यांना आमच्या गल्लीइतकंच पक्कं कळलं होतं.

मग वाटतं, मूठ झाकलेलीच बरी. नोकरी सोडताना बायका राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' लिहितात. सासूचं आजारपण, सांभाळायला कुणी नसलेलं मूल, साहेबांची नजर, सगळं त्या दोन शब्दांत मावतं. त्याच्या आत काय आहे ते कंपन्यांना कळलं पाहिजे असं म्हणतात. कळून करणार काय, हे आधी कळलं तर बरं.

पण हेही मला टिकवता येत नाही. सगळ्यांनीच मूठ झाकून ठेवली असती तर प्रसूतीची रजा कुठून आली असती? मुंबई इलाख्यात तो कायदा १९२९ मध्ये झाला, आदल्या वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याची बाजू मांडली होती. गिरणीत उभ्याने काम करणाऱ्या बाळंतिणींचं काय होतं, हे आधी कुणीतरी सांगितलंच असणार. आणि त्याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. पुढच्या काही दशकांत गिरण्यांमधल्या बायका कमी कमी होत गेल्या. कारणं अनेक होती, पण बाई कामावर ठेवली की खर्च येतो हा मालकांचा हिशेबही त्यांत धरला जातो. मालकांनीही त्या अनुभवातून शिकूनच घेतलं म्हणायचं. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि लगेच तो जुना हिशेब आठवला.

म्हणजे सांगितलं तर हे, न सांगितलं तर ते. कुणाला सांगायचं हे ठरवण्याची मुभा बाईला असावी, असं म्हणून मी सुटू पाहते. पण मामीला ती मुभा कुठे होती? नोटा बंद झाल्या आणि डबा उघडावा लागला. आणि समजा ती मुभा असती, तरी डब्यातल्या पैशांबद्दल तिने आपणहून कुणाला सांगितलं असतं असं मला वाटत नाही, मलाही नाही. अशा वेळी तिच्याकडून कुणी काही शिकायचं ते कसं, आणि तिच्या परवानगीवाचून मी हे सगळं इथे लिहिलं ते कुठल्या हक्काने, हे दोन प्रश्न वेगळे आहेत की एकच, तेही मला ठरवता आलेलं नाही.